भंगारवाला हाकलून काय होणार?

कॉलेजच्या ग्रुपवर परत तोच वाद सुरू झालाय. ई-कचऱ्याचं प्रदूषण थांबवायचं तर भंगारवाले बंद करा आणि सगळा माल मोठ्या रिसायकलिंग प्लांटला द्या, 'तुमच्या जर्मनीसारखं'. मी जर्मनीत राहतो, आता नाव काढलंच आहे तर ऐका.

इथे 800 चौरस मीटरच्या वरचं सुपरमार्केट इलेक्ट्रिक वस्तू विकत असेल तर 2022 पासून जुन्या वस्तू फुकट परत घ्यायची त्याला सक्ती आहे. मी बंद पडलेला टोस्टर घेऊन गेलो, तर काउंटरवरच्या बाईंनी चक्क टेप लावून मोजला, कारण 25 सेंटिमीटरपेक्षा लांब वस्तू नवीन घेतल्याशिवाय घेत नाहीत. माझा 28 भरला. गेला परत तळघरात. अशी तळघरं घरोघरी, मग युरोपियन युनियनचं 65 टक्के गोळा करायचं टार्गेट जर्मनीला जमत नाही यात नवल काय!

आपल्याकडे भंगारवाला दारात येतो, काट्यावर वजन करतो, वर पैसेही देतो. गोळा करण्यात तो इथल्या सुपरमार्केटच्या बापाला ऐकणार नाही. घाण होते ती त्याच्यानंतर. दिल्लीतलं सीलमपूर, उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद, तिथे तांब्यासाठी वायरी उघड्यावर जाळतात, वरचं पीव्हीसी प्लास्टिक जळून डायऑक्सिनसारखं विष हवेत, सर्किट बोर्ड तापवले की शिशाचा धूर, सोन्यासाठी ॲसिड आणि उरलेलं ॲसिड गटारात. मुरादाबादला तर राख रामगंगा नदीच्या काठावर. आणि एवढं करून धातू पूर्ण हाती लागत नाहीच, बरेचसे वायाच जातात.

म्हणून माझं म्हणणं, गोळा करणं आणि वस्तू सुट्या करणं त्याच्याकडेच राहू द्या, फक्त बोर्ड आणि वायरी ॲसिडवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त देऊन प्लांटने घ्याव्यात. पैसे कुठून? आपल्याकडच्या 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनी रिसायकलिंगचा खर्च कंपन्यांवर टाकलाच आहे, पुढे सरकारने कंझ्युमर इलेक्ट्रॉनिक्ससाठी कंपन्यांनी रिसायकलिंगवाल्यांना किलोमागे किमान 22 रुपये द्यायचे ठरवले तर परवडत नाही म्हणून कंपन्या कोर्टात. ग्रुपवर यावर चकार शब्द नाही, सगळा राग हातगाडीवाल्यावर!

बायको म्हणते, तो टोस्टर बॅगेत टाक आणि तिकडच्या भंगारवाल्याला दे. हसू नका, युरोपातून 'वापरलेला माल' म्हणून कंटेनर भरभरून ई-कचरा आफ्रिकेतल्या घानाला असाच गेलाय.