आपली हिंदी विसाच्या पुढे का अडखळते

मराठी माणसाला हिंदी कितपत येते हे बघायचं असेल तर त्याला का-की-के विचारू नका. एकोणसत्तरला हिंदीत काय म्हणतात ते विचारा.

बोलायला आपण सगळे पुढे असतो. सिनेमे, बातम्या, क्रिकेटची कॉमेंट्री, सगळं हिंदीतून ऐकत मोठे झालो. काहींनी तर शाळेत असताना राष्ट्रभाषेच्या परीक्षाही दिल्या, त्यांची प्रमाणपत्रं अजून कपाटात आहेत. पण जरा मोजायला लावा. दस, ग्यारह, बारह एकदम धडाक्यात. बीसपर्यंत छाती पुढे. तीसच्या आसपास आवाज उतरतो, आणि चाळिशीत माणूस सरळ इंग्रजीत उडी मारतो. 'फॉर्टी सिक्स, भैया, फॉर्टी सिक्स!'

मी निफाड तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आहे, शिवाय गावातल्या काही जणांचे हिशेब मी बघतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता गमतीचा नाही. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत आमच्याकडे दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहारकडचे व्यापारी असतात. बाग फिरतात, मणी तोंडात टाकून गोडी बघतात आणि बांधावर उभं राहून किलोचा भाव बोलतात. समोरासमोर असलं की अडचण नसते. बोटं दाखवता येतात, मोबाइलवर आकडा टाइप करून पुढे धरता येतो. (जुन्या बाजारांत रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा. त्या व्यवहारात लपवाछपवी होती, पण भाषेची भानगड नव्हती.) पंचाईत होते ती फोनवर. इकडे ट्रॅक्टर चालू, तिकडे दिल्लीच्या आझादपूर मंडीतला गलका, आणि कानावर येतं नुसतं '...ऐंतीस'.

आता हे तेहतीस, पस्तीस की सदतीस?

तैंतीस, पैंतीस, सैंतीस. फरक फक्त पहिल्या अक्षराचा, आणि फोनवर नेमकं पहिलंच अक्षर खाल्लं जातं. पुढच्या दशकात परत तेच: तैंतालीस, पैंतालीस, सैंतालीस. मराठीत बघा, तेहतीस, पस्तीस, सदतीस. तिघांचे चेहरे वेगळे, कुणी कितीही घाईत बोललं तरी घोळ होत नाही. एकराला दहा टन माल धरला तर किलोमागे दोन रुपये म्हणजे वीस हजार. एका अक्षराचे वीस हजार!

त्याहून डेंजर जोडी म्हणजे पचास आणि पचासी. पन्नास आणि पंच्याऐंशी. 'पचास ही दूँगा' आणि 'पचासी दूँगा' ही दोन वाक्यं डोळे मिटून ऐका. पहिल्यात माणूस हात आखडता घेतोय, दुसऱ्यात सोडतोय, आणि कानाला दोन्ही जवळपास सारखीच. संदर्भानं कळतं म्हणा. पण भाव वरखाली होत असतात त्या दिवसांत संदर्भसुद्धा दगा देतो.

आमच्या शेजारच्या काकांनी यावर स्वतःचा उपाय काढलाय. शाळा चौथीपर्यंत, हिंदी सगळी बांधावर शिकलेले. त्यांचा फोनवरचा सौदा असा चालतो:

'पैंतीस दूँगा, चाचा.'
'तीन पाँच?'
'हाँ हाँ, तीन पाँच.'
'नको शेठ, तीन आठ करो. माल देखो ना आप.'

दोन अंक सुटे करून परत विचारायचे. व्यापारी काही चिडत नाही, उलट त्यालाही बरं वाटतं, कारण त्याला आमचं 'अडतीस' आणि त्याचं 'अड़तीस' एकच आहे की नाही याची खात्री नसते. (ते एकच आहे. ही मेहेरबानी मोजक्याच आकड्यांवर झालेली आहे.)

माझं म्हणणं असं, की हिंदी आकडे आपल्याला जड जातात ते परके असल्यामुळे नाही. तमिळ आकडे परके आहेत, म्हणून ते शिकताना माणूस सावध असतो. हिंदी आकडे चुलत भावंडांसारखे आहेत, नाकडोळे तेच, हाक मारली की भलताच वळून बघतो. सहाचंच घ्या. आपण सोळा म्हणतो, ते सोलह. इथवर ठीक. पुढे आपलं सव्वीस, त्यांचं छब्बीस. छत्तीस दोघांचं एकच, म्हणजे छत्तीसच्या आकड्यावर तरी आपलं जमतं! मग आपलं सेहेचाळीस, त्यांचं छियालीस. छप्पन्न-छप्पन परत जवळ. आणि तिथून पुढे कायमची फारकत: सहासष्ट-छियासठ, शहात्तर-छिहत्तर, शहाऐंशी-छियासी, शहाण्णव-छियानवे. 'आपल्या शब्दाला जरा हिंदी वळण दिलं की झालं' या भरवशावर चालणारा माणूस छत्तीसवर पास होतो आणि सेहेचाळीसवर आपटतो. 'सेंचालीस' असं काहीतरी तो बोलून जातो, आणि पलीकडचा ते सैंतालीस समजतो. म्हणजे ४६ चे ४७ झाले. या बाबतीत फायदा आपलाच, पण नेहमी तसं होईलच असं नाही.

एकोणिसाच्या खानदानाचंही तसंच. संस्कृतात एकोनविंशतिही आहे आणि नुसतं ऊनविंशतिही. मराठीनं पहिलं उचललं, हिंदीनं दुसरं. आपण 'एक कमी' म्हणतो, ते नुसतं 'कमी' म्हणतात: उन्नीस, उनतीस, उनतालीस, उनचास, उनसठ, उनहत्तर. एकदा हे ध्यानात आलं की सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप सुटतं. पण नियम बसला म्हणून खूश होऊ नका, वरच्या टोकाला हिंदी तो मोडते. एकोणऐंशी म्हणजे उन्यासी (कुणी उनासी म्हणतं), आणि एकोणनव्वद? तिथे 'उन' गायब. नवासी. ऐंशी आणि नऊ, सरळ बेरीज. आपण एकोणनव्वदपर्यंत नियम पाळतो आणि फक्त नव्व्याण्णवला सोडतो, ते एक पायरी आधीच सोडतात. उन्यासी आणि नवासी यांत दहाचा फरक, आणि घाईत दोन्हीतलं 'यासी-वासी' एवढंच ऐकू येतं.

म्हणून एक ते सौ ओळीनं घोकण्यावर माझा अजिबात विश्वास नाही. ओळीनं पाठ असलेल्या माणसाला 'अड़सठ' विचारलं की तो साठपासून मनात चालत येतो, तोवर समोरचा पुढच्या बागेत पोचलेला असतो. उभं शिका. तीनचे सगळे एकदम म्हणा: तेईस, तैंतीस, तैंतालीस, तिरपन, तिरसठ, तिहत्तर, तिरासी, तिरानवे. मग सातचे, मग आठचे. सड़सठ-अड़सठ, सतहत्तर-अठहत्तर जोडीनं ऐका. आणि म्हणण्यापेक्षा ऐकायची सवय जास्त करा. भाव सांगणं आपल्या हातात असतं, तिथे अडलं तर इंग्रजी आहे, बोटं आहेत. समोरचा कुठला शब्द वापरेल ते काही आपल्या हातात नसतं.

कागदावर हा झगडा नाहीच. वजनाची पट्टी येते ती 37 अशीच, ती कुठल्याही भाषेत वाचा. गंमत म्हणजे हिंदी वर्तमानपत्रांनी देवनागरी आकडे बहुतेक सोडून दिले, मराठी वर्तमानपत्रं अजून छापतात. राज्यघटनेच्या कलम ३४३ नं हिंदीला संघाची राजभाषा केलं, पण आकडे मात्र आंतरराष्ट्रीय रूपातले ठेवले. यावरून १९४९ मध्ये घटना समितीत बरीच खडाजंगी झाली होती, पुरुषोत्तमदास टंडन देवनागरी आकड्यांसाठी अडून बसले होते. लिहायच्या आकड्यांवर एवढी भांडणं झाली, बोलायच्या आकड्यांचा विचार फारसा कुणी केला नाही.

आणि आता तर खुद्द हिंदीवाल्यांचीच पोरं विसरायला लागलीत. व्यापाऱ्याबरोबर त्याचा पुतण्या येतो, बी.कॉम. झालेला. काका 'उनसठ' म्हणाले की तो त्यांच्याकडे बघतो आणि विचारतो, 'मतलब फिफ्टी नाइन?' आमच्याकडची पोरं वेगळी नाहीत. सेमी-इंग्रजीत गणित इंग्रजीतून, त्यामुळे 'सदुसष्ट' म्हटलं की चेहरा कोरा. तेव्हा ही दोन पोरं एकमेकांशी इंग्रजी आकड्यांत बोलतात आणि त्यांचं छान जमतं. कुणी म्हणेल, मग प्रश्नच मिटला. नाही मिटला. पैसे अजून काकांच्या खिशात आहेत, आणि काका उनसठच म्हणतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला, जूनमध्ये तो सुधारला, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले. त्या काळात अस्मितेवर भरपूर बोललं गेलं, आकड्यांवर कुणी बोललं नाही. सहा वर्षांच्या पोराला मराठीचे शंभर शब्द, त्यात इंग्रजीचे, आणि वर हिंदीचे, जे मराठीशी अर्धेमुर्धे जुळतात! त्याचं तेहतीस, तैंतीस आणि पस्तीस, पैंतीस यांचं भरीत होणार हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ कशाला हवा? हिंदी शिकूच नये असं मी म्हणणार नाही, माझं पोटच त्यावर आहे. पण आधी एक संच पक्का होऊ द्या. पाचवीपासून हिंदी होतीच की, तिथे आकडे नीट शिकवले असते तरी पुरलं असतं.

२०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? गणिताच्या पुस्तकासाठीच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या, की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडखळतात, दक्षिणेकडच्या भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी येतो. जुनी नावंही पुस्तकात होतीच. तेव्हा मीही चहाच्या टपरीवर हसणाऱ्यांत होतो. पण आमचे काका 'तीन पाँच?' विचारतात ते दुसरं काय आहे? दशक आधी, एकक नंतर. बाजारानं तो उपाय कुणाची परवानगी न घेता कधीच उचललाय. फक्त 'सदुसष्ट' हा शब्द जाऊ नये एवढंच मला वाटतं, आणि तो जातोय तो नारळीकर बाईंमुळे नव्हे.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस हिंदीत पहिल्या दिवसापासून घरचा असतो: अपूर्णांकात. सवा म्हणजे सव्वा, डेढ़ म्हणजे दीड, ढाई म्हणजे अडीच, पौने दो म्हणजे पावणेदोन. साडे तीनपासून पुढे लावायचं, 'साडेएक' म्हणायचं नाही, हे नियमसुद्धा तेच. आपल्याकडच्या पावकी-निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांना तिकडे सवैया, ड्योढ़ा, ढैया होते. 'पौने दो सौ कॅरेट भेजो' (कॅरेट म्हणजे द्राक्षांचे क्रेट) म्हटलं की आमच्या काकांना एका क्षणात १७५ कळतात, व्यापाऱ्याच्या पुतण्याला नाही आणि माझ्या मुलीलाही नाही. ती दोघं मोबाइल काढतात. तेव्हा यंदाच्या हंगामात कुणाला हिंदी आकडे शिकवायचे असतील तर एक-दो-तीनपासून सुरू करू नका. सवा, डेढ़, ढाई, पौनेपासून करा, मग तीनचे आणि सातचे उभे घ्या, आणि उन्यासी-नवासी सगळ्यात शेवटी ठेवा. द्राक्षाला तेवढा भाव मिळेल त्या वर्षी बघू.