आईच्या पंचाहत्तरीची भेट

गेल्या महिन्यात आईची पंचाहत्तरी झाली. निमंत्रणात "आहेर आणू नये" असं स्पष्ट लिहूनही शाली, नारळ, पुष्पगुच्छ यायचे ते आलेच. भाचीनं अमेरिकेतून पाठवलेल्या पाकिटात मात्र फक्त एक कार्ड निघालं. "आजी, तुझ्या नावानं इंडोनेशियातल्या एका दवाखान्याला आणि तिथल्या जंगलासाठी देणगी दिली आहे." आईनं चष्मा लावून ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "अगं, तिथे आपलं कोण आहे?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले आणि रात्रीचा एक वाजला.

बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागात, पश्चिम कालिमंतानमध्ये, गुनुंग पालुंग नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. किनारी वेब नावाची अमेरिकन मुलगी 1993 मध्ये तिथे ओरांगउटान वानरांचा अभ्यास करायला गेली. जंगलात लाकूडतोड चालायचीच. पण तोडणारी माणसं आसपासच्या गावांतलीच होती आणि घरात कुणी आजारी पडलं, बाळंतपण अडलं की दवाखान्याचा खर्च भागवायला त्यांच्यापाशी झाडांखेरीज काही नव्हतं. ती परत गेली, डॉक्टर झाली आणि 2007 मध्ये तिनं स्थानिक लोकांसोबत सुकादाना इथे 'आस्री' ही संस्था उभी केली. त्याआधी या मंडळींनी गावोगाव बसून शेकडो तास लोकांचं ऐकून घेतलं. जंगल राखायचं तर तुम्हाला काय लागेल, एवढंच विचारायचं. गावांनी सांगितलं, परवडणारा दवाखाना हवा आणि सेंद्रिय शेती शिकवा.

त्या दवाखान्यात पैसे नसले तर रोपं देऊन बिल भागवता येतं. शेणखत चालतं, हातानं विणलेल्या वस्तू चालतात. ज्या गावानं लाकूडतोड थांबवली, त्या गावाला उपचारात जास्त सवलत. पुढे तर झाडं कापायची यंत्रंच विकत घ्यायला सुरुवात झाली. यंत्र जमा करा आणि छोट्या धंद्यासाठी भांडवल न्या. विधवा बायकांना शेळ्या मिळतात. पुढे झालेलं एक करडू त्यांनी योजनेला परत करायचं, म्हणजे ते दुसरीच्या दारात जातं.

हे सगळं आईला सांगितलं तेव्हा तिला रोपांचं मुळीच नवल वाटलं नाही. "आमच्या आजोळी वैद्य होते ना, ते कुठे पैसे मागायचे? सुगी झाली की पायली-दोन पायली ज्वारी पोचती करायची घरी." ती बराच वेळ त्या वैद्यांबद्दलच बोलत राहिली.

या कामाच्या दहा वर्षांचा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दवाखाना नसता तर जेवढं जंगल गेलं असतं असा अंदाज होता, त्याच्या तुलनेत तोड सुमारे 70 टक्क्यांनी कमी झाली होती. आणि ज्या गावांनी दवाखान्याचा जास्त उपयोग केला, त्यांच्याजवळचं जंगल जास्त वाचलं.

वाचताना मला सारखी गडचिरोली आठवत होती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये तिथे गेले. मोठ्या इमारतीची, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, सोबत आलेल्या नातेवाइकांना राहायला जागा नसते, हे आदिवासींनी त्यांना सांगितलं. म्हणून शोधग्राम या त्यांच्या वसाहतीतला दवाखाना गोंडांच्या गावासारखा, झोपड्यांचा बांधला आणि त्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. त्याच जिल्ह्यात गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं आणि 39 गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी खाली आलं.

दोन्हीकडे देणाऱ्यांनी आधी विचारलं. आपण विचारत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते.

मीही त्यातलीच आहे. काही वर्षांपूर्वी ऑफिसतर्फे पर्यावरण दिनाला आम्ही एका गावी 200 गुलमोहर लावले. बॅनर, टोप्या, फोटो. निघताना एका बाईनं माझा हात धरून विचारलं, "ताई, आता शेरडं कुठं चारू?" आम्ही खड्डे खणले होते ते नेमके तिच्या चराईच्या माळावर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवाळीत गेलो तर पाचदहा काड्या उभ्या होत्या. गावाला खरं तर हातपंप दुरुस्त करून हवा होता, हे तेव्हा चहा पिताना कळलं.

म्हणून माझं म्हणणं असं की वाढदिवसाला, लग्नाला कुणाच्या नावे देणगी देणं फार चांगलं आहे, जरूर द्या. पण ती कोनशिलेसाठी देऊ नका, "यातून एवढी झाडंच लावा" अशी अट घालू नका. नर्सचा पगार, जीपचं डिझेल, विजेचं बिल यांना कुणी देणगीदार मिळत नाही, कारण त्यांचा फोटो काढता येत नाही. दवाखाना चालतो तो मात्र त्यांच्यावरच. शक्य असेल तर एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडी द्या. पगार दरमहा करावा लागतो. पावती घ्या, देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत असेल तर तीही घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

पंचाहत्तरीला आहेराच्या पाकिटांतून आलेले पैसे आईनं मोजून बाजूला ठेवले होते. परवा तिच्यासमोरच मी मेळघाटातल्या एका दवाखान्याला फोन लावला आणि विचारलं, "तुम्हाला आत्ता काय लागतंय?" पलीकडचे गृहस्थ क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "खरं सांगू का ताई, पावसाळ्याच्या आत गाडीचे दोन टायर बदलायला हवेत."

आई शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "दोनच का? त्यांना विचार, चारही बदलायला किती लागतील."