क्रिस्तीन परत का गेली?

पुण्यातल्या आमच्या भिशीत हल्ली पुस्तकांवरही बोलणं होतं. या महिन्यात गास्तों लरूची १९१० सालची ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ होती: पॅरिसच्या ऑपेराखाली तळघरात लपून राहणारा एरिक तिथल्या गायिकेला, क्रिस्तीनला, पळवून नेतो ती कादंबरी. रविवारी मला इथे पॅरिसला फोन लावून, स्पीकरवर घेऊन सगळ्याजणींनी क्रिस्तीन दाएची सालं काढली. “एरिकच्या तळघरातून एकदा सुटली होती ना? मग परत का गेली?” एक म्हणाली, बावळट. दुसरी म्हणाली, तिलाही आतून तोच हवा होता. तिसरीचं म्हणणं, आपल्याकडची मुलगी असती तर सरळ पोलिसांत गेली असती.

आपल्याकडची! नांदायला गेलेली मुलगी तिसऱ्यांदा माहेरी आली की “जरा जुळवून घे” म्हणत तिला रिक्षात बसवून देणाऱ्या याच बायका.

आणि पोलिसांचं म्हणाल तर तिच्यावर प्रेम करणारा राऊल बोलतोच की त्यांच्याशी. चांगला व्हायकाउंट, म्हणजे सरदार घराण्यातला माणूस, तरी कमिशनर मिफ्रुआ भुताची गोष्ट बाजूला सारून संशय घेतो तो राऊलच्याच भावावर. मग स्वीडनहून आलेल्या एका गाणाऱ्या पोरीनं काय तक्रार नोंदवायची?

स्वीडनहून. हे भिशीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. क्रिस्तीनचा बाप उप्सालाजवळचा शेतकरी. शेत विकून लेकीला घेऊन जत्रांमधून व्हायोलिन वाजवत फिरला. पुढे एका प्राध्यापकानं दोघांना पॅरिसला आणलं आणि इथे तो खंगत गेला. खोलीचं दार लावून घ्यायचा आणि तासन्‌तास लेकीबरोबर गायचा, अगदी हळू आवाजात. बरं वाटायचं ते फक्त फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांतात, समुद्राकाठच्या पेरोसला, कारण तिथल्या समुद्राचा रंग त्याच्या देशातल्यासारखा होता. तिथेच त्याला व्हायोलिनसकट पुरलं. जाण्याआधी लेकीला सांगून गेला, वर गेल्यावर तुझ्यासाठी संगीताचा देवदूत पाठवीन.

एरिकपाशी दोरीचा फास होता, पण क्रिस्तीनला त्यानं धरलं ते बापाच्या या शब्दानं. भिंतीआडून आवाज आला, तिला वाटलं बाबांनी पाठवला. याला बावळटपणा म्हणायला कोथरूडमध्ये बसावं लागतं.

सांगणार नव्हते, पण सांगते. मागच्या नोव्हेंबरात शातले स्टेशनवर मेट्रो बदलत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “अगं, पिशवी नीट धर.” एक बाई, तिची सून, नातू. मला चार नंबर घ्यायची होती. मी त्यांच्यामागे सातमध्ये चढले आणि चार स्टेशनं नुसती ऐकत उभी राहिले: वरणाला फोडणी कोण घालणार, यावर त्यांचं चाललं होतं. ते ऑपेराला उतरले, मीही उतरले. वर गार्निएच्या इमारतीसमोर, म्हणजे कादंबरीतल्या त्याच ऑपेरासमोर, ते फोटो काढायला थांबले आणि मी एक शब्द न बोलता पुन्हा खाली आले. १७ वर्षं झाली मला इथे. ऑफिसात माझ्या फ्रेंचचं कौतुक होतं.

शेवटच्या प्रसंगावरही भिशीनं मार्क दिले. एरिकची अट अशी: पेटीतला धातूचा विंचू फिरवला तर लग्नाला होकार, नाकतोडा फिरवला तर तळघरातली बंदुकीची दारू पेटून अख्खं ऑपेरा माणसांसकट उडणार. तिनं विंचू फिरवला. “चॉइस चुकला” म्हणे. चॉइस! भाजीवाल्यासमोर उभी होती का ती?

राहता राहिलं ते परत जाणं. पहिल्यांदा सोडताना एरिक तिच्या बोटात अंगठी घालतो: ही बोटात आहे तोवर तू मोकळी. आणि रडतो. तिला बांधलं ते धमकीपेक्षा त्या रडण्यानं. आपल्याकडे निघताना “जाते” म्हणत नाहीत, “येते” म्हणतात. तीही तसंच म्हणून निघालेली बाई.

मीही २००८ साली दारात “येते” म्हणाले होते. दोन वर्षांचं ठरलं होतं.

गेल्या दिवाळीत पुण्याहून निघायच्या आदल्या रात्री नवऱ्याचा फोन आला. मी बॅगेवर बसून चेन ओढत होते, बोलता बोलता तोंडून निघून गेलं, “परवा घरी पोचतेच.” आई तिथेच चिवड्याचा डबा बंद करत होती. तिनं झाकण दाबलं, वर एक रबर चढवलं. मग कपाटातून दुसरं शोधून आणलं आणि तेही चढवलं.