साथ आपोआप उतरते म्हणे!

भाचेसुनेने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं: ‘मामी, हे वाचून हे म्हणतायत की बाळाचा गोवरचा दुसरा डोस राहू दे. काय करू?’ तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आणि माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही फिरत होता. विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर! ज्यांना मी वर्गात विकलक समीकरणं शिकवली, त्यांतल्या एकाने त्यावर हात जोडल्याची चित्रं टाकली होती. तोवर दुर्लक्ष करत होते. प्रकरण पोराच्या लसीवर आल्यावर मात्र गप्प बसवेना.

मेसेजचं नाव ‘गणिताचा बाजार’. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: निसर्ग समीकरणांनी चालत नाही. ही मॉडेलं परदेशात एसीत बसून बनवतात, त्यांचा आपल्याशी संबंध नाही. कोरोनात ‘पाच लाख मरणार’ म्हणाले आणि तोंडावर आपटले. कालव्यातल्या पाण्याच्या लाटेचं सूत्रच आजाराला लावतात, यावरूनच लबाडी कळते. हवामान खात्याला उद्याचा पाऊस सांगता येत नाही, त्यापेक्षा आपलं पंचांग बरं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘त्यांच्याच आलेखात बघा, प्रत्येक साथ आपोआप खाली येते. मग लस कशाला?’

मी शेवटापासून सुरू करते. बाकीचं बरंचसं अडाणीपणाचं आहे, हे मात्र घातक आहे.

आलेख खाली येतो हे खरं. पण तो कुठून आला ते बघा. साथीच्या गणितात आजही ज्याच्यापासून सुरुवात होते तो निबंध १९२७ साली रॉयल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमध्ये छापला गेला. लेखक दोन. विल्यम करमॅक हा रसायनशास्त्रज्ञ, १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात दृष्टी गेलेला. अँडरसन मॅकेंड्रिक हा डॉक्टर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेला, कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेला. आपलं गणित ताडून बघायला त्यांनी आकडे घेतले ते लंडनचे नाहीत, मुंबईचे: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात मुंबई बेटावर प्लेगने आठवड्यागणिक झालेले मृत्यू. तेव्हा ‘परदेशी एसी’चा मुद्दा इथेच निकालात निघाला.

त्यांची मांडणी अशी. लोकसंख्येचे तीन गट करायचे: ज्यांना अजून लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि साथीच्या हिशेबातून बाहेर पडलेले. पहिल्या गटातले लोक कमी होत जातात तसतसं रोग्याच्या गाठीला नवं माणूस कमी पडतं. एक रोगी सरासरी एकापेक्षा कमी जणांना लागण देऊ लागला की आलेख उतरतो. ‘आपोआप’ म्हणतात ते हे. आता तिसऱ्या गटात कोण आहेत ते विचारा. बरे झालेले आणि मेलेले, दोघेही. समीकरणाला त्या दोघांत फरक दिसत नाही, कारण दोघेही आता लागण देत नाहीत. फॉरवर्ड लिहिणाऱ्यालाही दिसला नाही, पण तो समीकरण नाही, माणूस आहे.

करमॅक-मॅकेंड्रिक यांनी मुंबईच्या आकड्यांना बसवलेल्या वक्राचं शिखर सतराव्या आठवड्यात येतं, म्हणजे १९०६ च्या एप्रिलच्या मध्यावर. तिथे आठवड्याला ८९० मृत्यू. मग वक्र सुरेख उतरतो. त्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा, बारावीच्या गणिताने निघतं: ८,९००. एका शहरात, एका हंगामात, साथ ‘आपोआप’ उतरायला लागलेली किंमत ती.

आणि उतरून संपली का? छे. त्याच निबंधात लेखकांनी स्वतःच बजावलंय की माणसांतला प्लेग ही उंदरांतल्या प्लेगची सावली आहे, आपली गृहीतकं काटेकोरपणे लागू होत नाहीत, म्हणून यातून स्थिरांकांच्या खऱ्या किमती काढायला जाऊ नका. पुढच्या अभ्यासकांनीही दाखवलं की तो उतार निव्वळ तीन गटांच्या हिशेबाने आलेला नव्हता, त्यात ऋतूचा मोठा हात होता. प्लेग उंदरांवरून माणसांपर्यंत नेणाऱ्या पिसवांना कडक उन्हाळा मानवत नाही. हिवाळा आला की प्लेग परत. मुंबईत तो १८९६ पासून वर्षानुवर्षं असाच चढत-उतरत राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभरातले बळी कोटीच्या घरात गेले. पुण्यात सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला गेल्या त्या याच रोगाने, रोग्यांची शुश्रूषा करताना. पुण्यात राहून ‘साथ आपोआप उतरते’ हा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने निदान एवढं तरी आठवावं.

आता गोवर. इथे तर साधा भागाकार पुरतो. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवर झालेलं एक मूल १२ ते १८ जणांना लागण देतं. मधला आकडा १५ धरू. त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असले तर लागण एकालाच होईल, साथ जागच्या जागी रेंगाळेल. म्हणजे साथ मोडायची तर १५ पैकी १४ हून जास्त, सुमारे ९३ टक्के लोक सुरक्षित हवेत. १८ धरले तर ९४ च्या वर. आता नऊ महिन्यांना दिलेला पहिला डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडतो. शहरातल्या एकूण एक मुलाला पहिला डोस दिला, एकही सुटलं नाही, तरी गाडी ८५ वरच थांबते. दुसरा डोस कशाला, याचं उत्तर या दोन आकड्यांमधल्या फटीत आहे. ती फट बुजवली नाही तर काय होतं ते २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीने पाहिलं. मुलं दगावली, आणि त्यांतली बहुतेक लस न घेतलेली किंवा अर्धवट घेतलेली होती.

म्हणजे ज्या गणितावर हा माणूस थुंकतोय, त्याच गणिताचा अर्धा आलेख फाडून त्याने लसीविरुद्ध वापरलाय. गणित खोटं, तर त्यातला उतार तेवढा खरा कसा?

‘पाच लाख’चा मुद्दा. १६ मार्च २०२० ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने कोरोनावर अहवाल दिला. त्यात ब्रिटनसाठी सुमारे ५ लाख १० हजार मृत्यूंचा आकडा होता, पण कशाच्या खाली? ‘कुठलाच उपाय केला नाही आणि लोकांनीही वागणं बदललं नाही तर’ या रकान्याखाली. उपाय केल्यास काय होईल याची कोष्टकं त्याच अहवालात पुढे होती. ब्रिटनने उपाय केले, आणि टाळेबंदी, लसी सगळं करूनही मृत्यूच्या दाखल्यावर कोविड लिहिलेल्यांची संख्या २ लाखांच्या वर गेली. खडकवासल्यातून पाणी सोडणार म्हणून भोंगा फिरतो, आपण नदीपात्रातल्या गाड्या काढतो, रात्री पाणी चढतं आणि एकही गाडी वाहून जात नाही. सकाळी कोणी म्हणतं का, की इशारा खोटा होता?

इथे एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. काही मॉडेलं सपशेल फसली, आणि त्यांचा गाजावाजाही थोडा झाला नव्हता. एप्रिल २०२० मध्ये सरकारी पत्रकार परिषदेत एक आलेख दाखवला गेला, त्यात १६ मेच्या सुमारास नवे रुग्ण शून्यावर येताना दिसत होते. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीने सांगितलं की शिखर ओलांडलंय, काळजी घेत राहिलो तर फेब्रुवारी २०२१ पर्यंत साथ जवळपास आटोपेल. फेब्रुवारीत अमरावतीकडे आकडे चढायला लागले आणि एप्रिलमध्ये पुण्यात ऑक्सिजनच्या बेडसाठी लोक रात्र रात्र फोन लावत होते. यावर पांघरूण घालायचं कारण नाही.

पण ऑक्टोबरचा अंदाज फसला कशामुळे? बऱ्याच अंशी याच ‘आता आपोआप उतरणार’ या भरवशामुळे! ऑगस्ट २०२० मध्ये पुण्यातल्या पाच प्रभागांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. विद्यापीठ, आयसर वगैरे संस्थांनी मिळून केलेली चांगली पाहणी होती ती. येरवडा, कसबा पेठ-सोमवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी अशा जास्त रुग्ण असलेल्या भागांत ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. लगेच चहाच्या टपरीवर ‘झाली, सामूहिक प्रतिकारशक्ती झाली’. पाच प्रभाग म्हणजे अख्खं पुणं नव्हे. शिवाय प्रतिकारशक्ती टिकेल आणि विषाणू तोच राहील, ही दोन्ही गृहीतकं डेल्टाने उधळून लावली. मॉडेल चुकतं तेव्हा कुठलं गृहीतक चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. फॉरवर्ड चुकतो तेव्हा कोणाला विचारायचं?

आता कालव्याची गंमत. हा मुद्दा ज्याने लिहिला त्याने कुठेतरी अर्धं काहीतरी वाचलंय, आणि ते अर्धं चक्क बरोबर आहे. १८३४ मध्ये एडिंबराजवळच्या युनियन कालव्यावर जॉन स्कॉट रसेल या अभियंत्याने बघितलं की ओढली जाणारी बोट थांबली तेव्हा तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा सुटून तसाच पुढे निघाला. रसेल घोड्यावरून त्याच्या मागे गेला. मैल-दोन मैल तो उंचवटा आकार न मोडता चालला होता. कोर्टवेग आणि द व्रीस यांनी १८९५ मध्ये त्याचं समीकरण मांडलं. त्या एकट्या लाटेचा आकार हायपरबोलिक सेकंटच्या वर्गाचा, म्हणजे मध्ये उंच आणि दोन्हीकडे सारखा उतरणाऱ्या घंटेसारखा. आणि मुंबईच्या प्लेगला बसवलेला करमॅक-मॅकेंड्रिक यांचा वक्र? तोही हायपरबोलिक सेकंटचा वर्गच. वर्गात हे दोन वक्र एकावर एक काढून दाखवले की मागच्या बाकावरचे सुद्धा मान वर करायचे.

पण म्हणून पाण्याचं समीकरण कोणी आजाराला लावलेलं नाही. समीकरणं वेगळी, उत्तराचा आकार तेवढा सारखा. कालव्यात लाटेचं पसरणं आणि तिचं पुढून उभं चढत जाणं एकमेकांना तोलून धरतात, म्हणून ती टिकते. साथीत लागण आणि बाहेर पडणं यांची चढाओढ असते, आणि तिथे हा आकार फक्त अंदाजी येतो, साथ लोकसंख्येच्या मानाने लहान असेल तेव्हा. आकार जुळला एवढ्यावर कोणी गणिती समाधान मानत नाही. खरी परीक्षा पुढे असते. कालव्याचं समीकरण सांगतं की उंच लाट बुटक्या लाटेपेक्षा वेगाने धावेल, तिला गाठेल, आणि टकरीनंतर दोघी आपापल्या आकारात बाहेर पडतील. टाकीत पाणी घेऊन हे मोजता येतं आणि मोजलेलं आहे. साथीच्या समीकरणातून असलं काही निघतच नाही. लबाडी करायची असती तर दोन्हीकडे एकच गोष्ट सांगितली असती.

हवामानाचं लवकर आटपते. शिवाजीनगरला धो धो आणि कोथरूडला कोरडं, हे आपण दर जूनमध्ये बघतो, आणि अशा वळवाच्या ढगाबद्दलचे अंदाज चुकतात हे शिमला ऑफिसातले, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्यातले लोकही नाकारणार नाहीत. सुरुवातीच्या स्थितीतली बारीकशी चूक वाढत जाऊन अंदाज खाते, हे १९६३ मध्ये एडवर्ड लोरेन्झने गणितानेच दाखवलं. कुठवर सांगता येईल आणि कुठून पुढे नाही, हेही मॉडेलच सांगतं. पण चक्रीवादळं बघा. ओडिशात १९९९ च्या वादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ च्या फायलिनच्या आधी सुमारे १० लाख लोक हलवले आणि मृत्यू पन्नाशीच्या आत राहिले. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ धडकलं, पुण्यातही झाडं पडली, पण ते येणार हे कोकणाला आधी ठाऊक होतं. कुठल्या नक्षत्राचं वाहन बेडूक आहे हे बघून लोक हलवले नव्हते.

पंचांगावर एवढंच. ग्रहणाची वेळ मिनिटापर्यंत छापलेली असते ती कोणी ध्यान लावून काढलेली नाही. ते गणितच आहे, आणि जुनं गणित आकाशाशी जुळेना तेव्हा ते सुधारा म्हणून लोकमान्य टिळकांनी आग्रह धरला. मोजा, ताडून बघा, चुकलं तर बदला. याच पद्धतीला फॉरवर्डमध्ये ‘बाजार’ म्हटलंय.

भाचेसुनेला जे लिहिलं ते इथेही देते, ग्रुपवर अजून कोणाला हवं असेल: गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतो. तारीख टळली असेल तरी पाच वर्षांपर्यंत देतात, तेव्हा ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नका. लसीकरणाचं कार्ड बरोबर न्या. आणि भाच्याला म्हणावं, गणिताबद्दल शंका असतील तर संध्याकाळी घरी ये, कागद-पेन्सिल घेऊन बसू. डोस मात्र त्याआधी.