पुढचे ब्रेक पॅड मागे घाला म्हणे!

रविवारी सकाळी भाचा कानस मागायला आला. कशाला रे? तर म्हणे बाईकचे पुढचे ब्रेक पॅड मागे बसवतोय, जरा अडतायत, कडा घासायच्यात. मोबाईल दाखवला, तर तोच फॉरवर्ड जो आठवडाभर प्रत्येक ग्रुपवर फिरतोय, "कंपन्या तुमच्यापासून काय लपवतात" छाप, पाच मुद्दे आणि शेवटी हात जोडलेले. वर हा म्हणतो, मामा सगळेच शेअर करतायत, चुकीचं असतं तर केलं असतं का. घ्या!

क्रमाने जात नाही, आधी तो कानसवाला मुद्दा २, कारण त्याने कुणाचा तरी जीव जाईल. "टायर अदलाबदल करतो तसे अर्धे झिजलेले पुढचे पॅड मागे घाला, बसले नाहीत तर कड थोडी घासा." अहो ती कड काय शोभेला ठेवलीये का? ब्रेक दाबला की चाकासोबत फिरणारी डिस्क (लोखंडी चकती) पॅडला सोबत ओढून न्यायला बघते, तो सगळा जोर पॅडमागच्या लोखंडी पट्टीच्या कडांवर आणि बाहेर आलेल्या कानांवर येतो आणि तिथून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटवर किंवा पिनवर जातो. ती कड घासून ढिली केली की पॅड दर ब्रेकला आपटणार, तिरकं बसणार, एकाच बाजूने झिजणार, जास्त घासली तर जागा सोडणार. शिवाय जुनं पॅड पुढच्या डिस्कच्या चऱ्यांप्रमाणे झिजलेलं असतं, दुसऱ्या डिस्कवर ते आधी फक्त उंचवट्यांवर टेकतं, म्हणजे पकड कमी. आणि टायरचं म्हणाल तर ते कारवाल्यांचं ज्ञान आहे, मोटरसायकलचा पुढचा टायर मागे कोण घालतं? बरं ज्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आहे त्यांनी हे पॅड कुठे कोंबायचे तेही सांगा, तिथे ब्रेक शू असतात.

मुद्दा ३ पण तितकाच भयंकर. "गाडी मागच्या ब्रेकने थांबते, पुढचा दाबला की पलटी, म्हणून भारी पॅड मागे आणि साधे पुढे." बरोब्बर उलटं. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर जातं, किती ते हिशोबाने निघतं. धरा दोन चाकांमधलं अंतर १३५ सेंटीमीटर, गाडी आणि स्वार मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर, आणि ब्रेक ०.७ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.७ पट, इतका जोरात. साधारण एक तृतीयांश वजन पुढे सरकतं. उभ्या गाडीत ५०-५० असेल तर ब्रेक मारताना पुढे ८४ टक्के आणि मागे १६. त्या हलक्या झालेल्या मागच्या चाकाला भारी पॅड दिलं तर चाक लगेच लॉक होणार आणि गाडी शेपूट हलवणार. पुढची डिस्क मोठी, पिस्टन जास्त, हे याचसाठी. १९८१ चा हर्ट रिपोर्ट आहे, लॉस एंजेलिस भागातले ९०० हून जास्त मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासलेले. त्यात स्पष्ट लिहिलंय की बहुतेक स्वारांनी मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही. म्हणजे हा फॉरवर्ड जे शिकवतोय तेच करून लोक आपटले होते. पलटी होते ती पुढच्या ब्रेकची लिव्हर एकदम आवळली तर. खडीवर किंवा वळणात झुकलेले असताना पुढचा जपून दाबायचा, हे मान्य.

मुद्दा १, "दोन्ही पॅड एकच, नंबर वेगळा टाकून दोनदा विकतात." इथे नाइलाजाने थोडं मान्य करतो, काही गाड्यांत पुढे-मागे एकाच आकाराचं पॅड बसतं. पण बसतं म्हणजे चालतं असं नाही, मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, वेगळा असू शकतो. पुष्कळ पॅडवर दोन अक्षरं छापलेली असतात, जीजी, एचएच वगैरे. पहिलं थंड असतानाचं घर्षण, दुसरं गरम झाल्यावरचं. एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याच्याही वर. टिकाऊपणाशी त्याचा काही संबंध नाही. आधी ती अक्षरं बघा, मॅन्युअल बघा, मग बोला.

मुद्दा ४, मागचे पॅड बघायची गरज नाही. का नाही? मागच्या ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून चालवणारे कमी आहेत का, त्यात मागे चिखल जास्त उडतो, पुष्कळदा मागचेच आधी संपतात. मुद्दा ५, आवाज आला तर पॅडला ग्रीस. पॅडच्या पाठीला ब्रेकसाठीचं खास ग्रीस अगदी पातळ लावतात हे खरं, पण फॉरवर्डमध्ये "पाठीला" हा शब्दच नाही! डिस्कला टेकणाऱ्या बाजूला लावलं की संपला ब्रेक.

भाच्याने एका पॅडचा कान आधीच उडवला होता. म्हणे मामा, दुसरं तर चांगलंय, ते पुढे परत लावू? नाही रे बाबा, पॅड जोडीनेच बदलायचे. कानस आता माझ्या कपाटात आहे.