रक्कम राहू द्या, आधी तारीख सांगा

बायकांच्या खात्यात दरमहा 1500 रुपये टाकणाऱ्या लाडकी बहीण योजनेवर शहरातल्या मित्रांशी भांडून भांडून कंटाळलोय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. 'फुकटे', 'मतं विकत घेतली', 'आमच्या टॅक्सचा पैसा' वगैरे सगळं ऐकून झालंय. मतांसाठीच आणली, यात मला काडीची शंका नाही. जून 2024 च्या अर्थसंकल्पात घोषणा, ऑगस्टात राखीपौर्णिमेच्या तोंडावर दोन महिन्यांचे 3000 खात्यात, नोव्हेंबरात मतदान. शेंबडं पोरही सांगेल. पण सरकारने पैसे का दिले हा एक प्रश्न झाला, आणि त्या पैशांनी घरात जाऊन काय केलं हा दुसरा. दुसऱ्यावर बोलायला कुणी बसत नाही.

माझ्या चुलतभावाचं घर बघा. लातूर जिल्हा, दोन एकर कोरडवाहू, दोन पोरं, म्हातारी आई. सोयाबीनचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि घरी यायच्या आधी कृषी केंद्राची उधारी फेडतो. 2024 च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला 4892, आडतीवर माल गेला चार हजारांच्या आसपास. बाकीचं वर्ष रोजंदारी आणि किराणा दुकानातली वही. वहीवर माल नेणाऱ्याने भाव विचारायचा नसतो, हा गावचा कायदा. दुकानदार देईल ते तेल, लावेल तो दर.

वहिनींच्या खात्यात 1500 यायला लागल्यावर आधी ती वही आटली. तेलाचा डबा, डाळ आता आठवडी बाजारातून रोखीने येते, घासाघीस करून. मग त्यांनी दाढ काढून घेतली. कितीतरी दिवस ती दाढ ठणकत होती. भावाला विचारलं की उत्तर ठरलेलं, 'मिठाच्या गुळण्या कर.' तो काही वाईट माणूस नाही, खिशातच नसायचे. या वेळी त्या कुणाला न विचारता तालुक्याला गेल्या, दाढ उपटून आल्या आणि येताना पोरांना केळी घेऊन आल्या. घरात यावरून थोडी धुसफूस झाली म्हणे. होऊ द्या.

पैसा बाईच्या नावावर येण्यात काय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही दाढ लक्षात ठेवावी.

'पुरुष दारूत उडवतात' हा आवडता मुद्दा. 2011 च्या सुमारास मध्य प्रदेशात कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत दर महिन्याला बिनशर्त पैसे वाटून पाहिले होते. मोठ्या माणसाला 200, मुलाला 100, पुढे 300 आणि 150. दारूवरचा खर्च वाढला नाही. खाणं सुधारलं, लोकांनी शेळ्या-कोंबड्या घेतल्या, आणि दुसऱ्याच्या बांधावर राबणारे आपल्या तुकड्यात जास्त वेळ देऊ लागले.

हे शेवटचं वाक्य आमच्या वडिलांना वाचून दाखवलं तर ते चिडतील. कारण त्यांचीच तक्रार आहे की 'पंधराशे मिळायला लागल्यापासून बाया खुरपायला येईनात.' अहो, येतात. पण 250 रुपयांत भर उन्हात येत नाहीत, 300 मागतात. बाईला नाही म्हणायची ताकद आली याचाच त्रास होतोय. मीही शेतकऱ्याच्याच घरचा, मजुरीचा चिमटा आम्हालाही बसतो, तरी मला यात काही चुकीचं दिसत नाही.

आता योजनेचं उणं. पंधराशेत कुणी गरिबीतून वर येत नाही. ऊसतोडीसाठी आगाऊ उचल घेऊन बायको-पोरांसह कारखान्याकडे जाणारी जोडपी आजही जातातच. चौदा हजारांवर पुरुषांनी बहिणी बनून पैसे उचलले. 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्याचा निधी इकडे वळवला, म्हणजे एका गरिबाचं काढून दुसऱ्याला. याचा मला खरोखर राग आहे.

पण सगळ्यात जास्त नुकसान करते ती तारीख. निवडणुकीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते एकदमच आले. पुढे फेब्रुवारी-मार्चचे महिला दिनाच्या मुहूर्तावर. मधल्या काळात बायका बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचे पैसे काढून देणाऱ्याच्या, दुकानात हेलपाटे घालतात. 'आला का हो हप्ता?' तिथलं ते यंत्र वहिनींचा अंगठा घेत नाही. खुरपं आणि भांड्यांची राख, रेषाच झिजल्यात. पदराला पुसून, पुन्हा टेकवून, दुसरं बोट लावून बघायचं, आणि पैसे निघालेच तर वर वीस रुपये त्याचे. एवढं करून हप्ता आलेलाच नसतो. तेवढ्यात फायनान्सच्या गटाचा वसुलीवाला दारात उभा, त्याची तारीख मात्र कधी चुकत नाही. मग पुन्हा हातउसने, पुन्हा तीच वही.

पगारदार माणसाला हे लवकर कळायला हवं. पगार दोन दिवस लांबला तर आपण ईएमआय बाउन्स होईल म्हणून एचआरला फोन करतो. ज्या घरात वर्षाचा पैसा एकदाच येतो, तिथे ठरल्या दिवशी येणाऱ्या पंधराशेवर हिशेब मांडता येतो. कधीतरी येणाऱ्या तीन हजारांवर नाही मांडता येत.

म्हणून निवडणुकीत दिलेल्या दरमहा 2100 च्या आश्वासनावर जी बोंबाबोंब चालते, त्यात मला फार रस नाही. 1500 च ठेवा, पण दर महिन्याच्या 5 तारखेला, निवडणूक असो नसो. हे मत मी मोठ्या ऐटीत वहिनींनाही ऐकवलं. त्या भाकरी थापत म्हणाल्या, "दोन्ही दिलं तर काय बिघडतंय भाऊजी?"