खाली सॉल्व्हंट, वर फ्लॅट: बिनधास्त राहण्याचे काही उपाय

बंद पडलेल्या कारखान्याची जागा हातात आलीय ना तुमच्या? मग सगळ्यात आधी तो कारखाना तिथे काय करायचा हे विचारणं बंद करा. विचारलं की कोणीतरी जुना माणूस सांगतो, की इथे लोखंडी पार्टचं ग्रीस काढायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाच्या विषारी सॉल्व्हंटच्या टाकीत बुडवायचे, मग बाहेर काढून टांगायचे, ते टपटप गळायचं आणि फरशीला भेगा होत्याच. असलं ऐकून उगाच झोप जाते. हे ट्रायक्लो पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड, त्यामुळे ते भूजलाच्या वर तरंगत बसत नाही, खाली खाली जाऊन चिकणमातीच्या थरावर ठाण मांडतं आणि तिथून वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतं. पण तुम्ही म्हणायचं, एवढी वर्षं झाली, उडून गेलं असेल हो सगळं.

कोणी फारच मागे लागलं तर नाकाने तपासा. वास नाही म्हणजे काही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, 2011 मध्ये ट्रायक्लोसाठी हवेतली सुरक्षित मानायची पातळी एका घनमीटरला 2 मायक्रोग्रॅम ठरवली आणि आपल्या नाकाला त्याचा वास यायला त्याच्या हजारो पट जास्त लागतं, पण नाक आपलं घरचं आहे, मायक्रोग्रॅम परके.

तरीही सॅम्पल घ्यावंच लागलं तर घाबरू नका, खरी कला इथेच आहे. खोलीतल्या हवेसाठी सहा लिटरचा स्टीलचा गोळा येतो, आतून पूर्ण हवा काढलेला, त्याला रेग्युलेटर लावला की 24 तास हळूहळू हवा ओढत राहतो. तो कुठे ठेवायचा? बेसमेंटमध्ये, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी, जिथे ड्रेनेजचा पाइप फरशीतून वर येतो तिथे? अजिबात नाही! वाफ नेमकी असल्याच फटीतून येते, तिथे ठेवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. दुसऱ्या मजल्यावर, उघड्या खिडकीपाशी, पडदा छान हलत असेल तिथे ठेवा.

वेळही बघून घ्या. कडाक्याच्या थंडीत खिडक्या बंद, आत हीटर, गरम हवा वर जाते आणि बिल्डिंग खालून मातीतली हवा स्ट्रॉसारखी ओढते, असल्या दिवशी सॅम्पल घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. बाहेरचा वायुदाब उतरत असेल तरी जमीन श्वास सोडते, तो दिवसही टाळा. एकाच खोलीतला आकडा आज एक तर पुढच्या आठवड्यात दहापट असू शकतो, म्हणून तर सॅम्पल फक्त एकदाच घ्यायचं, दुसऱ्यांदा घेतलं की पहिल्याची शोभा जाते.

आणि एवढं करूनही आकडा मोठा आलाच तर आजूबाजूला नजर टाका, कुठेतरी थिनरचा डबा, डिग्रीजरचा स्प्रे, ड्रायक्लीन होऊन आलेला सूट सापडेलच. सापडला की त्याच्यावर सगळं ढकला, बॅकग्राउंड, म्हणजे हे जमिनीतून नाही, घरातल्याच वस्तूंतून आलं, असं लिहा. खरं तर हे डबे सॅम्पलच्या आधीच बाहेर काढायचे असतात, पण मग बिल फाडायचं कोणाच्या नावावर?

स्लॅबखालचं, म्हणजे फरशीखालच्या मातीतल्या हवेचं, सॅम्पल घेणारा माणूस फार कामसू असेल तर नळीभोवती डबा पालथा घालून त्यात हेलियम सोडतो. सॅम्पलमध्ये हेलियम सापडला म्हणजे नळीचं सील लीक, वरची हवा आत शिरतेय आणि आकडा खोटाच कमी येतोय. मी एका साइटवर हेलियमचा सिलेंडर नुसता कोपऱ्यात उभा पाहिलाय, सिलेंडरचं सील न फोडलेलं. सॅम्पल घेणाऱ्याला कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, गाडीत जागा होती म्हणून आणला. असा माणूस सोन्याने तोलून ठेवावा.

आता क्लीनअप. जमिनीत छिद्राचे पाइप घालून ब्लोअरने वाफ ओढायची, कार्बनच्या टाकीतून गाळून सोडायची. पहिले काही महिने भरभरून निघतं, मग ग्राफ घसरगुंडीसारखा खाली येतो. तळाला टेकला रे टेकला की मशीन बंद करा, दुसऱ्याच दिवशी सॅम्पल घ्या, फोटो काढा, पार्टी करा. वाळूतलं निघालं, चिकणमातीत मुरलेलं अजून तसंच आहे आणि ते आरामात बाहेर येऊन काही महिन्यांनी आकडा पुन्हा चढवतं, पण तोपर्यंत फ्लॅट विकलेले असतात.

विकताना कागदात एक वाक्य टाकायला विसरू नका. ही आयडिया जुनी आहे. नायगारा फॉल्सच्या लव्ह कॅनालमध्ये हूकर केमिकलने आपला कचरा पुरलेली जागा 1953 मध्ये शाळा बोर्डाला 1 डॉलरला दिली आणि करारातच लिहून ठेवलं की खाली केमिकलचा कचरा आहे, पुढे कोणाला काही झालं तर आमच्याकडे यायचं नाही. वर शाळा झाली, शेजारी घरं झाली, 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवावं लागलं. पण वाक्य बघा कसं नेटकं होतं.

शेवटचं काम पंख्याचं. स्लॅबखालून हवा ओढून छपरावर सोडणारा पाइप बसवतात ना, त्याला एक छोटी यू आकाराची काचेची नळी असते, आत रंगीत पाणी. पंखा चालू असताना एका बाजूचं पाणी वर, दुसऱ्या बाजूचं खाली असं वाकडंतिकडं दिसतं, बघणाऱ्याला उगाच वाटतं काहीतरी बिघडलंय. रात्रभर गुणगुणतो, लाइटबिल येतं, लोक तक्रार करतात. तर सरळ प्लग काढा आणि परत जाऊन नळी बघा, दोन्ही बाजूचं पाणी कसं शहाण्यासारखं एका रेषेत आलेलं असेल. त्याचा जवळून फोटो घ्या, तारखेसकट, आणि रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा.